भराव, प्रवाळ आणि पुलाचे खांब : मुंबई सागरी किनारा मार्गावरील पर्यावरणीय हरकतींचे प्रकरण

मरीन ड्राइव्हवरील प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत जाणारा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग आता वाहतुकीत आहे. त्याच्याविरुद्ध घेतल्या गेलेल्या पर्यावरणीय हरकतींचा विषय त्यामुळे संपला, असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात या प्रकरणाचे अभ्यासमूल्य रस्ता पूर्ण झाल्यामुळेच वाढले आहे. कोणती हरकत कोणत्या टप्प्यावर घेतली गेली, तिला कोणत्या कायद्याचा आधार मिळाला आणि तिच्यामुळे रस्त्याच्या आराखड्यात नेमके काय बदलले, हे आता पडताळून पाहता येते. ते पडताळल्यावर दिसते ते असे की, समुद्र आणि किनारा यांच्यावर होणाऱ्या परिणामांविषयीच्या हरकती प्रकल्प कोणत्या कायदेशीर वर्गात मोडतो या प्रश्नात अडकल्या आणि तो प्रश्न अंतिमतः सुटण्याआधीच भराव पूर्ण झाला. आराखडा ठळकपणे बदलला तो फक्त वरळीच्या मासेमारांच्या एका मागणीमुळे, आणि ती मागणी मीटरमध्ये मोजता येण्याजोगी होती.

पर्याय होता, तो मागे कसा पडला

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्याला लागून द्रुतगती मार्ग असावा ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेने केलेल्या वाहतूक अभ्यासात तिचा समावेश होता आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू हा त्याच कल्पनेचा एक तुकडा होय. सेतू वरळीला संपतो. तेथून हाजी अलीपर्यंत त्याचा विस्तार करण्याचे ठरले होते, त्यासाठी २०१० मध्ये कंत्राटही देण्यात आले होते. हा विस्तार खांबांवर उभा राहणार होता, म्हणजे भरतीचे पाणी त्याखालून येत-जात राहिले असते.

२०११ मध्ये राज्य शासनाने संयुक्त तांत्रिक समिती नेमली. तत्कालीन महापालिका आयुक्त सुबोध कुमार तिचे प्रमुख होते. समुद्रावरील पुलांचा खर्च फार होतो, त्यापेक्षा काही ठिकाणी भराव, काही ठिकाणी पूल आणि मलबार हिलखाली बोगदे अशी सांगड घातलेला किनारा मार्ग परवडेल, असे या समितीचे मत पडले. सेतूचा विस्तार बाजूला पडला आणि किनारा मार्ग पुढे आला. हा निर्णय खर्चाच्या हिशेबावर झाला, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण समुद्रतळाची किंमत त्या हिशेबात शून्य धरलेली होती. पुलासाठी प्रत्येक खांबाचे पैसे मोजावे लागतात. भरावासाठी बुजवल्या जाणाऱ्या खडकाळ किनाऱ्याचे पैसे कोणालाच द्यावे लागत नाहीत. पर्यायांच्या तुलनेत भराव स्वस्त दिसण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते केवळ मुंबईपुरते खरे नाही.

भरावाला परवानगी नव्हती. ती तयार करण्यात आली

२०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या सीआरझेडमध्ये, बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र तरतूद होती. विकास आराखड्यातील रस्ते किनाऱ्याच्या संवेदनशील भागातून न्यायचे असतील तर ते खांबांवर न्यावेत, भरतीच्या पाण्याला अडथळा होऊ देऊ नये, आणि अशा रस्त्याच्या जमिनीकडील बाजूला त्या रस्त्याच्या आधाराने बांधकामाचे हक्क निर्माण होऊ नयेत, असे ती तरतूद सांगत होती. शेवटची अट वाचायला किरकोळ वाटते, पण ती फार विचारपूर्वक घातलेली होती. शहरी किनाऱ्यावर बांधकामाला परवानगी मिळते ती पूर्वीपासून असलेल्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. साहजिकच समुद्राकडे नवा रस्ता सरकवला की बांधकामाची रेषाही पुढे सरकवण्याची मागणी उद्या होऊ शकते. मुंबईतील जमिनीचे भाव माहीत असलेल्या कोणालाही या अटीचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

या तरतुदीनुसार भराव टाकून किनारा मार्ग बांधणे शक्य नव्हते. म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० डिसेंबर २०१५ रोजी अधिसूचनेत दुरुस्ती केली. अपवादात्मक परिस्थितीत, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आणि मंत्रालयाची मान्यता असल्यास, भराव टाकून रस्ता बांधता येईल. त्यात तिवरे, म्हणजे कांदळवनातील झाडे, तुटत असतील तर तुटलेल्यांच्या तिप्पट लावावी लागतील, अशी ती दुरुस्ती होती. दुरुस्ती सर्वसाधारण भाषेत लिहिलेली असली तरी ती कोणत्या रस्त्यासाठी झाली याबद्दल कोणालाही शंका नव्हती. नियमाची परीक्षा ज्या प्रकल्पाला द्यायची, त्याच प्रकल्पासाठी नियमात अपवाद घालण्यात आला, हा पर्यावरणवाद्यांचा पहिला आक्षेप होता, आणि माझ्या मते तो या प्रकरणातील सर्वांत मूलभूत आक्षेप आहे. न्यायालयीन लढाईत मात्र तो मागच्या रांगेत गेला.

जानेवारी २०१७ मध्ये राज्य प्राधिकरणाने शिफारस केली, मार्चमध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने ती उचलून धरली आणि ११ मे २०१७ रोजी सीआरझेड मंजुरी मिळाली. मंजुरीबरोबर अटी आल्या. भराव ९० हेक्टरपेक्षा अधिक नसावा, भराव केलेल्या जमिनीवर निवासी किंवा व्यापारी बांधकाम होऊ नये, मासेमारीला बाधा येऊ नये, या त्यांतल्या मुख्य होत. भरावाचे क्षेत्र पुढे सुमारे १११ हेक्टरवर गेले. या क्षेत्रात प्रत्यक्ष रस्त्याने व्यापलेली जागा जेमतेम पाव हिस्सा आहे आणि सुमारे ७० हेक्टर जागा हिरवळ, विहारपथ व इतर मोकळ्या सोयींसाठी आहे. मोकळ्या जागांचा दुष्काळ असलेल्या शहराला ७० हेक्टर मिळाले, असे पालिका अभिमानाने सांगते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण ज्या आकड्याने पालिका समर्थन करते त्याच आकड्यातून आक्षेपही निघतो. रस्त्यासाठी भराव अपरिहार्य होता या युक्तिवादावर मंजुरी मागितली गेली, आणि भरावाचा मोठा भाग रस्त्यासाठी नव्हताच.

किनाऱ्यावर काय होते

समर्थकांच्या बोलण्यात एक गृहीतक सतत डोकावत असे. मुंबईचा समुद्र गढूळ, सांडपाण्याने घाण झालेला, त्यात जगण्यासारखे उरले आहे तरी काय, असे ते गृहीतक. प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालही या समजुतीच्या फार पलीकडे गेला नव्हता. ब्रीच कँडी, हाजी अली, वरळी हा सारा पट्टा खडकाळ आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे ओहोटीला खडकांचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहते. त्या पाण्यात समुद्रफुले, स्पंज, खेकडे, गोगलगाई, समुद्रशैवाल आणि खडकाला चिकटलेली कालवे असतात. खडकांच्या कपारींत शेवंडे आणि लहान मासे वाढतात. कालवे फोडण्यासाठी, निवळ्या आणि खुबे वेचण्यासाठी कोळीवाड्यातल्या बायका या खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या आहेत. ही मिळकत कोणत्याही बंदराच्या नोंदवहीत चढत नाही, म्हणून बाधितांची यादी करताना ती सहज सुटते.

मरीन लाइफ ऑफ मुंबई या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरून या जीवांची छायाचित्रे आणि नोंदी जमवायला सुरुवात केली. त्यातून एक गोष्ट पुढे आली, जिचे कायदेशीर वजन इतर सर्व जीवांहून अधिक होते. हाजी अली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळ होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचे गट आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत, म्हणजे कागदोपत्री त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. प्रवाळ म्हटल्यावर लक्षद्वीपसारखी रंगीत प्रवाळबेटे डोळ्यांसमोर येत असतील तर ते चित्र येथे उपयोगाचे नाही. मुंबईतील प्रवाळ तळहाताएवढे, मातकट रंगाचे, खडकाला घट्ट चिकटलेले असतात आणि जाणकाराने बोट दाखवल्याशिवाय ओळखूही येत नाहीत.

पुढे, २०२० मध्ये, वन विभागाच्या परवानगीने आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने यांतील १८ वसाहती खडकांपासून सोडवून दुसऱ्या ठिकाणी बसवण्यात आल्या. त्या सर्वांचे क्षेत्रफळ एकत्र केले तरी ते अर्धा चौरस मीटर भरत नाही. या प्रकरणातील विसंगती येथे जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र कोठेही दिसत नाही. अनुसूचीत नाव असल्यामुळे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेतील जीवांसाठी स्वतंत्र परवानगी, तज्ज्ञ संस्था आणि स्थलांतराची मोहीम लागली. आणि ज्या खडकाळ पट्ट्यावर ते वाढले होते, ज्यात अनुसूचीबाहेरचे असंख्य जीव होते, त्याला असे कोणतेही कवच नव्हते. प्रवाळ वाचवले गेले याचा आनंद मानायचा की अधिवासाचा प्रश्न एका प्रजातीच्या प्रश्नात आकसला याचे वाईट वाटून घ्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. वन्यजीव कायद्याच्या याद्या प्राण्यांच्या नावांनी बनतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्याला तेथे नाव नाही.

भरावाविषयीचे आणखी काही आक्षेप प्रवाह आणि गाळ यांच्यासंबंधी होते. किनाऱ्याची रेषा समुद्रात पुढे ढकलली की लाटांचा मारा, गाळ साचण्याच्या जागा आणि वाळूची हालचाल बदलते. पावसाळी नाल्यांची तोंडे पुढे न्यावी लागतात. आणि उधाणाच्या वेळी मुसळधार पाऊस झाल्यास शहरातले पाणी बाहेर पडायला अधिक वेळ लागू शकतो. अशा आक्षेपांची अडचण ही असते की त्यांना उत्तर द्यायला गणिती प्रारूपे लागतात आणि प्रारूपे बनवणारे सल्लागार प्रकल्पकर्त्यानेच नेमलेले असतात.

न्यायालयात : वर्गवारीचा प्रश्न

प्रत्यक्ष काम ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी, काही पर्यावरण संस्था आणि नागरिक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पुढील भरावाला अंतरिम मनाई केली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरू असलेले काम चालू ठेवण्याची मुभा दिली, मात्र नव्या कामाला हात लावू नये असे सांगितले.

१६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने सीआरझेड मंजुरी रद्द केली. निकालाचे तीन आधार होते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली स्वतंत्र पर्यावरण मंजुरी घेणे आवश्यक असताना ती घेतलेली नव्हती. वन्यजीव कायद्याखालील परवानगी नव्हती. आणि पुरेसा शास्त्रीय अभ्यास झालेला नसताना राज्य प्राधिकरण, तज्ज्ञ समिती व मंत्रालय या तिघांनीही त्याकडे दुर्लक्ष केले होते.

यांतील पहिला मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण सारी लढाई तेथेच अडली. २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत महामार्गांसाठी एक नोंद आहे, परंतु तिच्यात राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य महामार्ग येतात. महापालिकेने शहरात बांधलेला रस्ता, त्याचा खर्च बारा हजार कोटींच्या वर असो आणि तो समुद्रावर असो, या नोंदीत बसत नाही. डोंगराळ तालुक्यातील एखाद्या नव्या राज्य महामार्गाला जी मंजुरी लागू शकते ती मुंबईच्या समुद्रातल्या आठ पदरी रस्त्याला लागत नाही, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांना अभिप्रेत असेल असे वाटत नाही. परंतु अक्षरार्थ तसाच होता आणि पालिकेने त्याच्यावर बोट ठेवले. याचिकाकर्त्यांना म्हणून दुसरी वाट शोधावी लागली. नगरवसाहती आणि क्षेत्रविकास प्रकल्पांची जी स्वतंत्र नोंद आहे, तिच्यात हा प्रकल्प येतो असे त्यांनी मांडले, कारण येथे रस्त्याबरोबर मोठी जमीन तयार होणार होती आणि तिच्यावर वाहनतळ, उद्याने, विहारपथ होणार होते. उच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले.

येथे एक खोच आहे, जिच्याकडे वादाच्या भरात फारसे कोणी पाहिले नाही. त्याच अधिसूचनेने इमारत बांधकाम आणि क्षेत्रविकास प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. म्हणजे याचिकाकर्ते पूर्णपणे जिंकले असते आणि प्रकल्पाला त्या नोंदीखाली नव्याने मंजुरी घ्यावी लागली असती, तरी कोळीवाड्यातल्या माणसाला अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपले म्हणणे नोंदवण्याचा हक्क त्या नोंदीतून मिळालाच असता असे नाही. महामार्ग म्हणून पाहिले तर मंजुरीची गरज नाही, आणि क्षेत्रविकास म्हणून पाहिले तर सुनावणीची गरज नाही.

जुलैच्या निकालानंतर काम थांबले. सर्वोच्च न्यायालयाने सुरुवातीला स्थगिती दिली नाही. पण १७ डिसेंबर २०१९ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती सूर्यकांत यांच्या पीठाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली. रस्त्यासाठीचा भराव आणि रस्ता एवढेच काम करता येईल, इतर विकासकामे करता येणार नाहीत, अशी मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा तर्काला धरून होती. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष जमिनीवरील इतर सोयींमुळे प्रकल्प क्षेत्रविकासाचा ठरतो असा होता, तेव्हा त्या सोयी वगळून केवळ रस्ता होऊ द्यावा, हा मधला मार्ग निघाला. परंतु भराव हा असा प्रकार आहे की त्यात मधला मार्ग फार काळ टिकत नाही. एकदा दगडमाती पडली की खालचा खडक गेला तो गेला. पुढे अपिलाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी जमीन उपसून समुद्र परत करा, असा आदेश कोणी देईल हे संभवत नाही. शिवाय भराव केलेली जमीन मोकळी पडून राहणे कोणालाच रुचणारे नसते. ३० सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या पीठाने पालिकेच्या अंतरिम अर्जावर वाहनतळ, उद्याने आणि नागरिकांच्या विरंगुळ्याच्या सोयी करण्यास परवानगी दिली. निवासी व व्यापारी वापरावरील बंदी तेवढी कायम ठेवली. ज्या सोयींमुळे उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली होती, त्याच सोयी अंतरिम आदेशाने मार्गी लागल्या. यात कोणत्याही न्यायाधीशाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रत्येक आदेश त्या दिवशीची जागेवरची स्थिती पाहून दिलेला आहे. प्रश्न हा आहे की ती स्थिती दर महिन्याला एकाच दिशेने बदलत होती.

वरळीच्या खाडीमुखाशी

न्यायालयातील वाद कलमे आणि नोंदी यांच्यावर चालू असताना वरळी कोळीवाड्यातील मासेमारांचे भांडण मात्र अगदी एका जागेपुरते होते. किनारा मार्ग सागरी सेतूला जोडण्यासाठी जे पूल बांधायचे होते, त्यांचे खांब क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या वाटेवर येत होते. मूळ आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मीटर होते. पालिकेने तांत्रिक सल्ल्याचा हवाला देऊन हे अंतर पुरेसे असल्याचे सांगितले. मासेमारांनी २०० मीटरची मागणी केली आणि नंतर ती १६० मीटरपर्यंत खाली आणली.

साठ मीटर म्हणजे काही थोडके अंतर नव्हे, एका होडीला किती जागा लागते, असा प्रश्न किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. होडी चालवणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. कागदावरचे अंतर खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले जाते. पायाची रुंदी आणि खांबाच्या संरक्षणासाठी केलेली बांधणी वजा केली की मोकळे पाणी कमी उरते. पश्चिमेचा वारा आणि पाण्याची ओढ होडीला सरळ रेषेत जाऊ देत नाहीत, ती आडवी सरकते. आजूबाजूला खडक आहेत, त्यामुळे वाट बदलून लांबून जाण्याची सोय नाही. जाळी भरून परतणारी आणि बाहेर पडणारी अशा दोन होड्या पावसाळ्याच्या तोंडाशी खवळलेल्या पाण्यात समोरासमोर आल्या, तर चूक सुधारायला जागा किती, हा त्यांचा प्रश्न होता. सागरी सेतूच्या खांबांमधून ये-जा करण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या प्रश्नाला अंदाजाचे नव्हे तर माहितीचे बळ होते.

२०२१ च्या अखेरीस मासेमारांनी आपल्या होड्या घेऊन समुद्रात काम रोखले. बैठका, पाहण्या, समिती असे सर्व सोपस्कार झाले. २०२२ संपता संपता राज्य शासनाने निर्णय घेतला. आठव्या क्रमांकाचा खांब काढून टाकून सातव्या आणि नवव्या खांबांमधील अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. त्यासाठी पुलाचा प्रकारच बदलावा लागला. १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या, धनुष्याकृती कमानींच्या दोन लोखंडी तुळया बनवण्यात आल्या. त्यांचे वजन अनुक्रमे सुमारे दोन हजार आणि अडीच हजार टन आहे आणि त्या तराफ्यांवरून आणून २०२४ च्या एप्रिल व मे महिन्यांत बसवण्यात आल्या. मुंबईच्या वृत्तपत्रांत त्या दिवसांत अभियांत्रिकीचे जे कौतुक छापून आले ते योग्यच होते. मात्र या कमानींची गरज मासेमारांच्या हट्टामुळे निर्माण झाली आणि त्या हट्टाला चार वर्षे अवाजवी म्हटले जात होते, याचा उल्लेख त्या बातम्यांत क्वचितच आढळला.

मागितलेले १६० मीटर मिळाले नाहीत, १२० मिळाले. मासेमारीच्या नुकसानीचा अभ्यास करण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेला देण्यात आले. होडीच्या मालकाचे नुकसान काढण्यासाठी निदान परवाना आणि विक्रीच्या नोंदी असतात. खडकावरून कालवे काढणाऱ्या बाईचे नुकसान काढायचे तर आधी ती तेथे येत होती हेच सिद्ध करावे लागते, आणि तो खडक आता दाखवता येत नाही.

ही हरकत अंशतः का होईना यशस्वी झाली याची कारणे मला तीन दिसतात. ती मोजता येत होती, त्यामुळे अभियंत्यांच्या भाषेत तिचे भाषांतर करावे लागले नाही. ती रस्ता नको असे म्हणत नव्हती, म्हणून तिला मान देण्याने कोणाची राजकीय पंचाईत होत नव्हती. आणि ती घेणाऱ्यांकडे काम थांबवण्याचे प्रत्यक्ष साधन होते, म्हणजे होड्या होत्या. यांपैकी तिसरे कारण सर्वांत प्रभावी ठरले असावे. ओहोटीच्या पट्ट्यातील जीवसृष्टीच्या बाजूने यांतले एकही कारण उभे राहत नव्हते.

रस्ता कोणासाठी

पर्यावरणीय हरकतींमध्ये एक हरकत समुद्राविषयी नव्हती, रस्त्याविषयी होती. मुंबईकरांचा बहुतांश प्रवास लोकल, बस आणि पायी होतो. मोठा खर्च करून मोटारींसाठी वेगवान मार्ग दिला तर मोटारी वाढतील आणि दोन्ही टोकांची कोंडी पुढे सरकेल, असे वाहतूक तज्ज्ञांचा एक गट म्हणत होता. पालिकेचे उत्तर होते की प्रवासाच्या वेळेत ७० टक्के आणि इंधनात ३४ टक्के बचत होईल, म्हणून हा रस्ता हवेसाठी चांगलाच आहे. प्रवासाच्या वेळेचा दावा अनेक चालकांना पटेल. वरळीहून मरीन ड्राइव्हला काही मिनिटांत पोचण्याचा अनुभव खोटा नाही. इंधनाच्या बचतीचे गणित मात्र मोटारींची संख्या वाढणार नाही या अटीवर उभे आहे, आणि त्या अटीची जबाबदारी कोणीही घेतलेली नाही.

या मार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. बससाठी स्वतंत्र मार्गिका हा मूळ प्रस्तावाच्या समर्थनातील महत्त्वाचा भाग होता, परंतु मंजुरीच्या अटींत भरावाच्या हेक्टरांना जेवढे स्थान मिळाले तेवढे या मार्गिकेला मिळालेले दिसत नाही. पथकर नाही, ही सवलत साहजिकच मोटारवाल्यांच्या वाट्याला येते. प्रकल्पाचा खर्च तेरा हजार कोटींच्या पुढे गेला आणि तो महापालिकेच्या तिजोरीतून झाला, म्हणजे बसच्या रांगेत उभे राहणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला आणि भुयारी वाटांनी तेथे पायी जाता येते, ही जमेची बाजू नोंदवायलाच हवी.

उत्तरेकडील टप्पा

११ मार्च २०२४ रोजी आतापर्यंत वर्णिलेल्या रस्त्याच्या, म्हणजे दक्षिण टप्प्याच्या, पहिल्या भागाचे उद्घाटन झाले, त्याला धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज यांचे नाव देण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सागरी सेतूशी जोडणी पूर्ण झाली. आता वर्सोव्यापासून दहिसर आणि पुढे भाईंदरकडे जाणाऱ्या उत्तर टप्प्याचा विषय आहे. तेथे खडकाळ किनाऱ्याच्या जागी खाड्या आणि कांदळवने आहेत, आणि त्यामुळे कायदेशीर स्थितीत एक महत्त्वाचा फरक पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर सरसकट बंदी घातली आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड अपरिहार्य असल्यास आधी उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याचे बंधन घातले. म्हणजे उत्तर टप्प्यात न्यायालयात जाण्याची पाळी प्रकल्पकर्त्यावर येते, आणि तीही यंत्रे लावण्याआधी. दक्षिण टप्प्यात ती पाळी हरकत घेणाऱ्यांवर आली होती, काम सुरू झाल्यानंतर.

या फरकाचा उपयोग किती झाला, हे आतापर्यंतच्या घडामोडींवरून पाहता येते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनातील पंचेचाळीस हजारांहून अधिक झाडे तोडण्याची परवानगी अटींसह दिली. तिप्पट लागवडीचे बंधन आहे, आणि वळवल्या जाणाऱ्या वनजमिनीच्या बदल्यातील वनीकरणासाठी निवडलेली जागा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. चंद्रपुरात झाडे लावण्याला कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही, परंतु मालाडच्या खाडीत भरतीचे पाणी अडवण्याचे आणि माशांच्या पिल्लांना आसरा देण्याचे काम ती झाडे करणार नाहीत. आधी परवानगी घेण्याच्या नियमामुळे तोडीची संख्या, जागा आणि अटी निदान न्यायालयाच्या आदेशात लिहिल्या गेल्या आहेत. लागवड झालेल्या रोपांपैकी पाच वर्षांनी किती जगली, हे मोजण्याची जबाबदारी कोणावर आणि ती मोजणी कोणासमोर मांडली जाणार, यावर आता हरकत घेणाऱ्यांनी लक्ष ठेवायला हवे.